गोकुळकाकांचा चिरा

आमच्या घरातला एक माणूस दर आखातीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, स्वतःच्याच चिऱ्याला नैवेद्य दाखवतो, हे माझं लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा शिक्षक आहे, पोशेऱ्याला भाताची खाचरं आहेत, माळावर नागली, म्हणजे नाचणी, होते आणि मुलाचे सख्खे काका हवाई दलात लढाऊ विमान चालवायचे, एवढं सांगितलं. विमान म्हटल्यावर माझे वडील तिथंच विरघळले. आम्ही जव्हारचे. जव्हारच्या माणसाला मोखाड्याकडे मुलगी द्यायची म्हणजे जरा जिवावर येतं, तिकडे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. पण लढाऊ विमानापुढे हंडा कोण बघतो?

चिरा म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावानं बसवलेला कोरीव दगड. आमच्या वेशीवर आंब्याखाली असे बरेच आहेत. ज्याचं मरण सरळ झालं नाही, म्हणजे वाघानं धरला, झाडावरून पडला, परगावी गेला तो आलाच नाही, त्याला वीर म्हणतात आणि दगडावर घोड्यावर बसवतात. काकांच्या चिऱ्यावरही घोडाच आहे. कोरणाऱ्याला म्हणे सांगून पाहिलं, की हा विमानातला होता. त्यानं विमान पाहिलं होतं ते आभाळात, नखाएवढं. तो म्हणाला, वीर घोड्यावरच बसतो, आणि विषय मिटला.

ही गोष्ट एकाहत्तरच्या लढाईनंतरची. काका तेव्हा चोविशीतले. मोखाड्याहून पोस्टमन तार घेऊन चालत आला. त्यात लिहिलं होतं, फ्लाइट लेफ्टनंट गोकुळ वारघडे बेपत्ता, बहुधा मृत. 'बहुधा' या शब्दाचं काय करायचं ते घरात कुणाला कळेना. होळीपर्यंत वाट बघितली. मग भगतानं सांगितलं, पोर तिकडं भुकेलं फिरत असेल, त्याला जागा द्या. प्रेत नव्हतं, म्हणून तांदळाच्या पिठाचा माणूस केला, नदीवर नेऊन जाळला आणि आखातीला चिरा बसवला. माझे सासरे नवसू, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, त्यांनी डोकं भादरलं.

आणि पुढच्या थंडीत मेलेला माणूस मोखाड्याच्या एसटीतून काठी टेकत उतरला. पाकिस्तानच्या कैदेतून सुटून आला होता. नुसती हाडं राहिली होती म्हणतात. आजेसासूबाईंनी हंबरडा वगैरे फोडला नाही. ज्याचं क्रियाकर्म झालं त्याला दारातून घेता येत नाही, म्हणून मागच्या भिंतीचा कूड फोडून त्यांना आत घेतलं, न्हाऊ घातलं, एवढ्या मोठ्या माणसाला मांडीवर घेऊन पुन्हा नाव ठेवलं. इथवर सगळं ठीक झालं. चिरा काढायची वेळ आली तेव्हा मात्र भगत अडून बसला. तांदूळ आणि रगत देऊन बसवलेला दगड उपटता येत नाही, म्हणाला. तो नाही तर दुसरा कुणीतरी त्या जागेवर येऊन बसला असणार. आता त्याला दर साल घास द्यावा लागेल.

काका शिकलेले. हसून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या आखातीला ते सुट्टी काढून आले आणि पत्रावळ स्वतः उचलून आंब्याखाली घेऊन गेले. तेव्हापासून एकही साल चुकलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आखातीला मी हे पाहिलं आणि मला हसू आवरेना. आवाजाच्या वेगानं उडालेला माणूस दगडापुढे उकिडवा बसून गव्हाची पोळी मोडतोय. सासूबाई मला म्हणाल्या, "हासू नको. चिऱ्यात कोन बसलाय ते त्याला ठावं." मी मनात म्हटलं, या घरात एक ना धड.

तसा माणूस धड होता, हे मला कबूल करायला हवं. नाशिकला सैनिकी शाळेत शिकले, खडकवासल्याला गेले, हैदराबादजवळ विमान शिकले. हंटर नावाचं एकाच माणसाचं लढाऊ विमान असतं, ते चालवायचे. कैदेतून आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, पाठीचा कणा दबलाय, आता टेबलावर काम करा. ऐकलं नाही. वर्षभरानं पुन्हा उडायला लागले आणि नंतर नव्या पोरांना शिकवायला लागले. त्यांच्या हाताखालची पोरं पुढे मोठमोठ्या हुद्द्यांवर गेली. काका विंग कमांडर असताना स्वतःच बाहेर पडले. पुण्यात फ्लॅट मिळत होता, तो सोडून पोशेऱ्याच्या मागच्या खोलीत येऊन राहिले. लग्न केलं नाही. का, ते विचारायची सोय नव्हती.

मीही शिक्षिका. दर सव्वीस जानेवारीला आम्ही त्यांना माझ्या शाळेत बोलवतो. पोरं विचारतात, आबा, तुम्ही किती विमानं पाडली? ते सांगतात, एकही नाही, आमचं काम खालचं होतं, रेल्वे, पूल, रणगाडे. मग सांगतात, शेवटी माझंच विमान पडलं आणि मी वर्षभर पाकिस्तानात पाहुणा होतो. पोरं हसतात, आम्ही टाळ्या वाजवतो, खाऊ वाटतो. दरवर्षी तेच भाषण, तिथंच संपणारं. त्या भाषणात विमान एकच असायचं. लढाईत विमानं जोडीनं जातात, हे मला गेल्या एप्रिलपर्यंत माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. युद्ध होणार की नाही, आपली विमानं किती, त्यांची किती, सूटबूट घातलेली माणसं ओरडत होती. गावातली पोरं काकांना विचारायला यायची, आता तुम्हाला बोलावतील का? काकांनी उठून टीव्हीची वायरच काढली. मला वाटलं, म्हातारपण. खाई त्याला खवखवे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मग कमलेशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवर एका बाईचा फोन आला. दिपिका रहांगडाले, नागपूरला बँकेत असते. वडील पंकज रहांगडाले, काकांच्या स्क्वाड्रनमध्ये होते, म्हणाली. भेटायला यायचंय. मी मागच्या अंगणात गेले. काका कोयत्याला धार लावत होते. नाव सांगितलं तर म्हणाले, "परत सांग." परत सांगितलं. कोयता दगडावर तसाच ठेवून ते म्हणाले, "येऊ दे." त्या रात्री जेवले नाहीत.

शाळा सुटल्यावर मी तिला जव्हारच्या डेपोवर घ्यायला गेले. नाशिकहून येताना मोखाडं आधी लागतं, तिथं उतरली असती तर माझा फेरा वाचला असता, पण परगावच्या माणसाला जव्हार तेवढं माहीत असतं. पन्नाशी उलटलेली, केस छोटे कापलेले, खांद्याला एकच पिशवी. मी तिला स्कूटीवर मागे घेतलं. वाटेत करवंदं विकणाऱ्या बाया बसल्या होत्या, तिथं आम्ही थांबलो, आणि करवंदं खाता खाता तिनं एकदम सांगायला सुरुवात केली.

"माझा जन्म बाबा गेल्यानंतरचा," ती म्हणाली, आणि लगेच दुरुस्त केलं, "बेपत्ता झाल्यानंतरचा. आमच्या घरी 'गेले' म्हणायची सोय नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत बाबांच्या नावामागे माझ्या काकानं 'कै.' घातलं होतं. आईनं सगळ्या पत्रिका परत छापायला लावल्या."

"आणि त्यांचं काही, वर्षश्राद्ध वगैरे?"

"छे. जिवंत माणसाचं कोण करते? वारघडे सरांनी बाबांचं पॅराशूट उघडलेलं पाहिलं होतं. सुटून आले तेव्हा आईला त्यांनी स्वतः सांगितलं. तेवढ्यावर आई दिल्लीला खेटे घालत राहिली. कुठल्या तुरुंगात कुणी मराठी बोलणारा दिसला म्हटलं की आमची बॅग भरायची." तिनं करवंदाची बी थुंकली. "आता तिचं लिव्हर गेलंय. दवाखान्यानं घरी पाठवून दिलं. भंडाऱ्याला आहे. डॉक्टर म्हणतात, कशावर तगून आहे कळत नाही. मला कळते. ती वाट पाहून राहिली आहे. रोज विचारते, मी मेली तर ते आल्यावर त्यांना कोण ओळखेल? मला तिला सोडवायचं आहे, ताई. पण खोटं सांगून नाही. म्हणून सरांच्या तोंडून एकदा ऐकायला आली. पॅराशूट होतं, तर मी तिच्याबरोबर वाट पाहीन. नव्हतं, तर तिला तसं सांगीन."

संध्याकाळी ओट्यावर चहा झाला. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दिपिका पाया पडायला वाकली तेव्हा ते मागे सरकले. तिनं सरळ विचारलं. काकांनी सरळ सांगितलं. डिसेंबरातली सकाळ, दोन हंटर, पुढे ते, मागे पंकज. शत्रूच्या रेल्वे यार्डावर हल्ला. पंकजच्या विमानाला तोफ लागली. "मी वळून पाहिलं. धुराच्या डावीकडे पॅराशूट होतं. पांढरं. मग मलाही लागलं आणि मी उडी टाकली. त्यानंतर मला काही माहीत नाही."

दिपिका रडली. वाईट वाटून नव्हे, सुटका झाल्यासारखी रडली. काकांनी कपाकडे बघत चहा संपवला. मला मात्र ते पटलं नाही. पोरांची उत्तरं तपासण्यात माझं आयुष्य गेलंय. पाठ केलेलं उत्तर आणि आठवलेलं उत्तर मला ऐकूनच कळतं. पाठ केलेलं उत्तर कधी अडखळत नाही. आत गेल्यावर मी कमलेशला म्हटलं, काका खोटं बोलतायत. तो म्हणाला, "तुला प्रत्येकात शाळेतलं पोरगं दिसतं. आणि असलं तरी झाकली मूठ सव्वा लाखाची. ती बाई समाधानानं जाईल." मला कमलेशचा आणि काकांचा, दोघांचाही राग आला. समाधान कुणाचं, तिचं की काकांचं?

दुसऱ्या दिवशी आखाती. सकाळपासून सासूबाई चुलीपुढे होत्या. पितरांची पानं वाढायची असतात, नागलीची भाकरी, उडदाची आमटी, आंब्याचा रस. पळसाच्या पत्रावळी ओळीनं मांडल्या, आणि नेहमीसारखी एक बाजूला, तिच्यात गव्हाची पोळी. काका अंघोळ करून आले, वाकले, ती पत्रावळ उचलली. तेव्हा सासूबाई उठल्या. ऐंशीला टेकलेली बाई, गुडघ्यावर हात ठेवून उठली, काकांच्या हातातली पत्रावळ काढून घेतली आणि दिपिकाच्या हातात दिली.

"आता लेक आली," त्या म्हणाल्या. "लेकीच्या हातचा घास त्याला जास्ती गोड. तू लय वर्सं दिलास, गोकुळ. आता सोड."

दिपिका ती पत्रावळ धरून उभी राहिली. "कुणाला द्यायचा?"

"तुझ्या बापाला गं. तेवढ्यासाठी आलीस ना?"

सासूबाईंना खरंच तसं वाटलं होतं. पितरांच्या दिवशी मेलेल्याची लेक दारात आली, तर दुसऱ्या कशाला येईल? कमलेश म्हणाला, "आये, गप बस." पण त्यांना कळेना गप का बसायचं. त्या दिपिकाला समजावून सांगू लागल्या, लहान पोरीला सांगावं तसं.

"याचा चिरा आमी बसवला नि हा तर जिता परत आला. मंग चिऱ्यात कोन? भगत म्हनला व्हता, कोनी तरी बसलंय. पयल्या आखातीला मी नागलीची भाकर ठेवली. यानं ती उचलली नि पोळी ठेवली. मी इचारलं, का रं? तर म्हनला, वयनी, त्याला नागली ठावी नाय. तवाच मला समजलं. याच्या संगतीचा जो मेला, तो याच्या मागं मागं आमच्या गावात आलाय. बरा हाये गं तो. कोनाला तरास नाय देत."

दिपिकानं काकांकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं हिशेब जुळवत असल्यासारखं.

"तुम्ही त्यांना जेवायला घालता," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

काका ओट्यावर बसले. मला वाटलं, आता परत ते धुराच्या डावीकडचं सांगणार. ते म्हणाले, "पॅराशूट नव्हतं."

मग ते बोलले, आणि या वेळी अडखळत बोलले. "नियम एकच होता. एकदा जायचं, मारायचं, निघायचं. दुसरी फेरी मारायची नाही, कारण पहिल्या फेरीनंतर खालच्या तोफा जाग्या होतात. माझी रॉकेटं यार्डाच्या पलीकडे शेतात पडली. सगळी. आता तळावर जाऊन काय सांगू? स्क्वाड्रनमध्ये मला जंगली म्हणायचे, प्रेमानंच म्हणायचे. पण जंगल्याचा नेम चुकला, हे मला ऐकायचं नव्हतं. मी रेडिओवर म्हटलं, परत एकदा. पंकज म्हणाला, सर, तोफा सुरू झाल्यात. मी म्हटलं, परत एकदा. तो म्हणाला, येस सर."

सासूबाईंनी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"त्याचं विमान खाली गेलं, विमान आणि जमीन यांच्यामध्ये काही सुटलं नाही. मी शेवटपर्यंत बघत होतो. बघत राहिलो म्हणून मलाही लागलं. मी वाचलो, एवढंच. सुटून अमृतसरला आलो तर तुझी आई फलाटावर उभी, तू तिच्या कडेवर. तिनं मला विचारलं, ते कुठल्या डब्यात आहेत? माझ्या तोंडून पॅराशूट निघालं. मग चौकशीतही तेच सांगावं लागलं. दरवर्षी वाटायचं, यंदा लिहीन."

"लिहिलं नाही," दिपिका म्हणाली.

"नाही."

मला काकांचा इतका राग कधी आला नव्हता. बाई तिकडे बॅगा भरत होती आणि हे इकडे पोळ्या मोडत होते. आणि त्याच वेळी त्यांचे सदऱ्यातले खांदे बघून त्यांची दयाही येत होती. दोन्ही खरं होतं, त्यातलं एक खोडता येत नव्हतं.

दिपिकानं पत्रावळ ओट्यावर ठेवली आणि पिशवीतून मोबाइल काढला. "तुम्ही सांगा आईला. तुमच्या तोंडून ऐकलेलं तिला तुमच्याच तोंडून परत ऐकू दे."

"मी भंडाऱ्याला येतो. समोर बसून सांगतो."

"तोवर ती राहणार नाही. आणि तुम्ही येणार नाही."

आमच्या घरी रेंज येत नाही, वेशीवरच येते, आंब्याखाली. त्यामुळे सगळी वरात तिकडे गेली. चिऱ्यांना सकाळीच शेंदूर लावलेला होता. काका स्वतःच्या दगडाशेजारी उभे राहिले. दिपिकानं भंडाऱ्याला सांभाळायला ठेवलेल्या बाईला फोन लावला, आईच्या कानाशी धरायला सांगितलं आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून जड श्वास ऐकू येत होता.

काका म्हणाले, "वहिनी..."

श्वास थांबला. मग एक बारीक, पण अगदी स्पष्ट आवाज आला. "आले का तुम्ही? किती उशीर केला."

दिपिकानं तोंडावर हात दाबला. त्या बाईला पुरुषाचा म्हातारा आवाज ऐकू आला होता आणि एवढ्या वर्षांत नवरा म्हाताराच झाला असणार, हा तिचा हिशेब चुकीचा नव्हता. मी खरं सांगते, मला वाटलं, काकांनी हो म्हणावं. एक शब्द. ती सुखानं डोळे मिटेल. कालपासून खरं-खोटं करणारी मी, मलाच ते वाटलं. काकांच्या डोळ्यांत मला तेच दिसलं.

"वहिनी, मी गोकुळ वारघडे," ते म्हणाले. "पंकज येणार नाही. तो त्याच सकाळी गेला. मी पॅराशूट पाहिलं नव्हतं. तोफा सुरू झाल्यावर तो पुन्हा जायला तयार नव्हता, मी त्याला नेलं."

दिपिका दोनदा "आई, आई" म्हणाली. सांभाळणारी बाई म्हणाली, ऐकून राहिल्या, डोळे उघडे आहेत.

मग ती बोलली. काकांशी नाही, कुणाशीच नाही. "म्हणजे मी त्यांना उपाशी ठेवलं. कावळ्याला घास टाकू म्हटलं कुणी, तर मीच भांडली. पान नाही, पाणी नाही. एवढी वर्षं उपाशी ठेवलं मी त्यांना."

ते काकांनी ऐकलं. बंदुकीपुढे न वाकलेला माणूस त्या वाक्यापुढे हातानं दगड धरून खाली बसला. त्यानं काय केलं होतं, ते त्याला तेव्हा कळलं असावं. वाट बघायला लावली, एवढंच तो आजवर धरून चालला होता.

सासूबाईंनी दिपिकाच्या हातातून फोन घेतला. फोनवर त्या नेहमी ओरडूनच बोलतात. "उपाशी नाय गं बाय. आमी घालतो ना. हितं त्याला जागा हाये, घोडा हाये, आंब्याची सावली हाये. दर आखातीला घालतो. आमची नागली त्याला सोसायची नाय म्हनून गव्हाची पोळी घालतो."

"पोळी?" पलीकडून आवाज आला. त्यात एकदम धार आली, संसारी बाईची. "पोळी कशाला? ते भंडाऱ्याचे. त्यांना भात लागते. पोळीनं पोट नाही भरत त्यांचं." मग ती लेकीला म्हणाली, "दिपू, तू घाल भात. तुझ्या हातानं घाल."

सांभाळणारी बाई म्हणाली, डोळे मिटले, झोपल्यासारख्या वाटतात. दिपिकानं रात्रीच्या गाडीनं निघते म्हणून सांगितलं. काका फोनकडे बघत "वहिनी?" म्हणाले, पण फोन बंद झाला होता. शिवी नाही, माफी नाही, त्यांच्या नावाचा एक शब्द त्या बाईनं काढला नव्हता.

भात दिपिकानंच शिजवला. चुलीची सवय नाही, धुरानं डोळे लाल झाले, तरी सासूबाईंना हात लावू दिला नाही. आमच्या खाचरातला तांदूळ लाल, जाडा. ती म्हणाली, चालेल. नव्या पत्रावळीवर भात वाढला, त्यावर आमटी, बाजूला आंब्याचा रस, आणि निघाली. काका सवयीनं उठले. कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या त्यांनी उचलला आणि तिच्या मागे चालू लागले. ती अंगणाच्या कडेला थांबली.

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "पाणी ताई आणतील."

काकांनी तांब्या माझ्याकडे दिला. थोडं पाणी माझ्या पायावर सांडलं. दिपिका पुढे निघून गेली होती, मला घाई होती, तेवढ्यात ते बोलले.

"मेसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा," काका म्हणाले. "मी पोळी त्याच्या ताटात वाढायचो, तो खायचा. मला वाटायचं, आवडते. तो मला कधी नाही म्हणायचाच नाही, नीता."